दूरस्थ टर्मिनलवरील प्रदर्शनदोष : एका विस्मृत कराराचा इतिहास (१९६३ ते २०२३)

गोषवारा

दूरच्या संगणकावर आदेशओळीच्या द्वारे काम करीत असताना पडद्यावरील मजकूर अनेकदा विस्कटतो. ओळी जिन्यासारख्या उतरत जातात, चौकटींच्या जागी निरर्थक अक्षरे उमटतात, मराठी शब्दांवर कर्सर भलतीकडेच उभा राहतो. हे दोष यंत्राचे किंवा जाळ्याचे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधात या दोषांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला असून, यांपैकी बहुतेक दोष दोन टोकांमधील गृहीतकांच्या विसंगतीतून निर्माण होतात आणि प्रत्येक दोषाला टर्मिनलच्या इतिहासातील विशिष्ट कालखंडाचा संदर्भ असतो, असे प्रतिपादन केले आहे. देवनागरी लिपीचा प्रश्न हा या इतिहासातील अपूर्ण राहिलेला अध्याय म्हणून शेवटी विचारात घेतला आहे.

बीजशब्द : टर्मिनल, दूरमुद्रक, युनिक्स, टेलनेट, एसएसएच, देवनागरी, युनिकोड

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सांगताना वेग, क्षमता आणि किंमत यांचे आकडे मांडण्याचा प्रघात आहे. यंत्र कोठे अडखळले आणि का अडखळले, ही बाब इतिहासलेखनाचा विषय क्वचितच होते. वास्तविक बिघाड हेही एक ऐतिहासिक साधन आहे. जुन्या वाड्याच्या भिंतीला जेथे तडा जातो तेथे आतील बांधकामाचे थर दिसू लागतात. त्याचप्रमाणे यंत्रव्यवहारात जेथे दोष प्रकट होतो तेथे त्या व्यवहारामागील जुनी गृहीतके उघडी पडतात.

टर्मिनल म्हणजे संगणकाशी मजकुराच्या रूपाने संवाद साधण्याचे साधन. एकेकाळी ते मेजावर ठेवलेले स्वतंत्र यंत्र होते. आज ते यंत्र वापरातून जवळजवळ नाहीसे झाले असून त्याची नक्कल करणारी आज्ञावली तेवढी उरली आहे. महाविद्यालयांचे सर्व्हर, ग्रंथालयांच्या संगणकप्रणाली, संशोधनसंस्थांची महासंगणक केंद्रे यांचे व्यवस्थापन मात्र आजही मोठ्या प्रमाणावर याच नकलेच्या द्वारे, दूर अंतरावरून केले जाते. म्हणून या साधनाचे दोष समजून घेणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम राहत नाही.

आरंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडने मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथून सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी अनेकांचा इंटरनेटशी पहिला परिचय मजकुरापुरत्या मर्यादित अशा 'शेल' खात्यातून झाला. मोडेमने दूरध्वनी जोडावयाचा, टर्मिनलची नक्कल करणारी आज्ञावली चालू करावयाची आणि अक्षरांच्याच पडद्यावर पत्रे वाचावयाची, अशी ती रीत होती. अशा जोडणीत त्रुटीदुरुस्तीची सोय नसेल तर तारेवरील खरखर विचित्र चिन्हांच्या रूपाने थेट पडद्यावर उमटे. तो दोष खरोखरच तारेचा होता. आजच्या एसएसएच पद्धतीत मात्र प्रत्येक संदेशाची अखंडता तपासली जाते आणि वाटेत एक बाइट जरी बदलली तरी जोडणीच तुटते. म्हणजेच आज पडद्यावर जे विस्कटलेले दिसते ते वाटेत बिघडलेले नसते. जे पाठविले तेच पोहोचलेले असते. त्याचा अर्थ लावण्यात दोन टोकांचे एकमत नसते. ही विसंगती कोठून आली, हा ऐतिहासिक प्रश्न आहे.

१. कागदावरील टर्मिनल

अमेरिकेतील टेलिटाइप कॉर्पोरेशनने १९६३ मध्ये 'मॉडेल ३३' हे दूरमुद्रक यंत्र बाजारात आणले. आस्की या संकेतसंचाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापीत असे. त्याची ओळ ७२ अक्षरांची होती आणि त्यावर रोमन लिपीतील केवळ मोठी अक्षरे उमटत. स्वस्त व दणकट असल्यामुळे ते संगणकाचे टर्मिनल म्हणून सर्वत्र रूढ झाले. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला, तेव्हा त्यांच्यासमोर अशीच दूरमुद्रके होती. युनिक्स व लिनक्स प्रणालींत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात. ते 'टेलिटाइपरायटर' या शब्दाचेच संक्षिप्त रूप होय.

दूरमुद्रकावर नवी ओळ सुरू करण्यासाठी दोन स्वतंत्र क्रिया लागत. छपाईचा भाग डावीकडे परत नेणे ही पहिली क्रिया, 'कॅरेज रिटर्न'. कागद एक ओळ वर सरकविणे ही दुसरी, 'लाइन फीड'. या दोन क्रियांसाठी आस्कीमध्ये दोन वेगळी चिन्हे ठेवण्यात आली. ओळीच्या उजव्या टोकापासून परत येण्यास एका अक्षराच्या छपाईपेक्षा अधिक वेळ लागत असल्याने दोन चिन्हांचा हा क्रम यंत्रालाही सोयीचा होता. युनिक्सच्या निर्मात्यांनी मात्र पूर्वीच्या मल्टिक्स प्रणालीचे अनुकरण करून फाइलीत ओळीच्या अखेरीस केवळ 'लाइन फीड' हे एकच चिन्ह ठेवले. छपाईच्या वेळी 'कॅरेज रिटर्न' जोडण्याचे काम त्यांनी प्रणालीतील टर्मिनल हाताळणाऱ्या भागाकडे सोपविले.

आज पडद्यावर दिसणाऱ्या 'जिन्या'चे मूळ येथे आहे. संपादक किंवा तत्सम आज्ञावली पूर्ण पडद्यावर काम करताना टर्मिनलच्या या भागाचे नेहमीचे नियम तात्पुरते बंद करते. ती मध्येच कोसळली तर नियम बंदच राहतात. 'कॅरेज रिटर्न' जोडला जात नाही. परिणामी प्रत्येक ओळ मागील ओळ जेथे संपली तेथूनच, एक पायरी खाली सुरू होते. अशा वेळी 'एसटीटीवाय सेन' किंवा 'रिसेट' हा आदेश दिला असता व्यवस्था पूर्ववत होते. तथापि आदेश देताना एक अडचण येते : एंटर कळ 'कॅरेज रिटर्न' पाठविते आणि त्याचे 'लाइन फीड'मध्ये रूपांतर करणारा नियमही बंद असतो. म्हणून एंटरऐवजी कंट्रोल व जे या कळा एकत्र दाबून 'लाइन फीड' प्रत्यक्ष पाठवावे लागते. साठ वर्षांपूर्वीच्या छपाईयंत्राच्या दोन हालचाली माहीत असल्याखेरीज या उपायाचा अर्थ लागत नाही.

चुकलेले अक्षर खोडण्याचा प्रश्नही कागदाच्या काळातील आहे. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नाही. म्हणून आरंभीच्या युनिक्समध्ये मागील अक्षर रद्द करण्यासाठी 'हॅश' चिन्ह आणि संपूर्ण ओळ रद्द करण्यासाठी 'ॲट' चिन्ह टंकित करीत. चूक व दुरुस्ती दोन्ही कागदावर राहत. यंत्र मात्र दुरुस्त मजकूर स्वीकारी. पुढे पडदा आल्यावर खोडण्यासाठी काही यंत्रांनी 'बॅकस्पेस' हे चिन्ह निवडले, तर काहींनी 'डिलीट' हे. कोणते चिन्ह प्रमाण मानावे यावर एकमत झालेच नाही. आजही एखाद्या दूरस्थ सत्रात खोडण्याची कळ दाबली असता अक्षर न खोडले जाता टोपीचे चिन्ह व त्यापुढे 'एच' किंवा प्रश्नचिन्ह उमटते, तेव्हा त्या जुन्या मतभेदाचाच प्रत्यय येतो.

तिसरे उदाहरण पडदा 'गोठण्या'चे. वापरणाऱ्याच्या हातून चुकून कंट्रोल व एस या कळा दाबल्या जातात आणि सत्र बंद पडल्यासारखे वाटते. दूरमुद्रकाला जोडलेल्या कागदी फितीचे वाचनयंत्र थांबविण्यासाठी व पुन्हा सुरू करण्यासाठी दोन नियंत्रक चिन्हे वापरीत. पुढे मजकुराचा ओघ थांबविण्यासाठी तीच चिन्हे टर्मिनलांनी स्वीकारली. कंट्रोल व क्यू या कळा दाबताच सत्र पुन्हा चालू होते. येथे बिघाड मुळीच झालेला नसतो. यंत्राने आज्ञा पाळलेली असते, ती आज्ञा देणारा मात्र तिचा अर्थ विसरलेला असतो.

२. काचेचा पडदा आणि दोषांची नोंदवही

१९७० च्या दशकात कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. लिअर सीगलर कंपनीचे एडीएम-३ए, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे व्हीटी ५२, तसेच हेझेलटाइन व टेलिव्हिडिओ या कंपन्यांची टर्मिनले प्रचारात आली. कागदावर मागे फिरणे शक्य नव्हते. पडद्यावर मात्र कर्सर कोणत्याही जागी नेता येऊ लागला, मजकूर पुसता येऊ लागला, अक्षरे ठळक करता येऊ लागली. या क्रियांसाठी 'एस्केप' वा तत्सम नियंत्रक चिन्हाने आरंभ होणाऱ्या आज्ञा ठरविण्यात आल्या. परंतु प्रत्येक उत्पादकाने त्या आपापल्या ठरविल्या. एका कंपनीच्या टर्मिनलवर पडदा पुसणारी आज्ञा दुसऱ्या कंपनीच्या टर्मिनलवर निरर्थक अक्षरे छापी.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा पूर्ण पडदा वापरणारा संपादक तयार केला, तेव्हा ही अडचण तीव्रतेने जाणवली. प्रत्येक टर्मिनलसाठी स्वतंत्र संपादक लिहिणे अशक्य होते. जॉय यांनी १९७८ मध्ये 'टर्मकॅप' ही योजना पुढे आणली. तिच्यात निरनिराळ्या टर्मिनलांचे वर्णन एका फाइलीत नोंदविलेले असे. वापरणाऱ्याने 'टर्म' या नावाच्या चलात आपल्या टर्मिनलचे नाव सांगावयाचे आणि आज्ञावलीने ते नाव नोंदवहीत शोधून योग्य आज्ञा वापरावयाच्या, अशी विभागणी झाली. पुढे मार्क हॉर्टन यांनी 'टर्मइन्फो' ही सुधारित पद्धती तयार केली आणि ती युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेतून रूढ झाली.

इतिहासाच्या अभ्यासकास या नोंदवहीतील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल. तिच्यात टर्मिनलांच्या क्षमतांबरोबर त्यांचे दोषही नोंदविले आहेत आणि काही नोंदींच्या नावातच 'ग्लिच' हा शब्द आहे. हेझेलटाइनच्या काही टर्मिनलांवर 'टिल्ड' हे चिन्ह छापता येत नसे, कारण त्या चिन्हानेच आज्ञेचा आरंभ होई. त्यासाठी एक नोंद आहे. काही टर्मिनलांवर अक्षरे ठळक करण्याची आज्ञा स्वतःच पडद्यावर एक जागा अडवून बसे, त्यासाठी दुसरी. ८० वे अक्षर लिहिल्यानंतर कर्सर लगेच पुढील ओळीवर जातो की तेथेच थबकतो, यासंबंधी तिसरी. यंत्राचा दोष दूर करता येत नसेल तर तो प्रामाणिकपणे लिहून ठेवावा आणि पुढील व्यवहार त्यास धरून करावा, अशी ही दृष्टी होती. दोष एकदा लिहून ठेवला की तो दोष राहत नाही. तो यंत्राचा गुणधर्म होतो.

डिजिटल इक्विपमेंटने ऑगस्ट १९७८ मध्ये व्हीटी १०० हे टर्मिनल आणले. नेहमीच्या वापरात त्याचा पडदा २४ ओळींचा व ८० स्तंभांचा होता. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ मधील छिद्रपत्रापासून संगणकव्यवहारात रुळलेला होता. व्हीटी १०० च्या आज्ञा अमेरिकी प्रमाणसंस्थेने १९७९ मध्ये संमत केलेल्या प्रमाणानुसार होत्या. त्याचा खप इतका झाला की इतर उत्पादकांनी त्याचे अनुकरण केले. १९८३ मध्ये व्हीटी २२० ने त्याची जागा घेतली. पण व्हीटी १०० ची भाषा मागे राहिली. १९८४ च्या उन्हाळ्यात मार्क व्हँडेव्हूर्ड या विद्यार्थ्याने 'एक्सटर्म' ही टर्मिनलची नक्कल करणारी आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला. आजच्या बहुतेक नकला आपली ओळख 'एक्सटर्म' किंवा तिचाच एखादा प्रकार म्हणून देतात. यंत्र गेले, त्याचे नाव व व्याकरण टिकले.

३. दूर अंतरावरील सत्र : केवळ नाव प्रवास करते

टर्मिनल आणि संगणक एकाच इमारतीत असताना व्यवस्थापकाला प्रत्येक तारेच्या टोकाशी कोणते यंत्र आहे हे ठाऊक असे. जाळ्यामुळे ही खात्री संपली. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न केला. 'लॉगिन' या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडील प्रणाली कोसळली. काही वेळाने दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. अर्पानेटवरील हा पहिला संदेश म्हणजे दूरस्थ सत्राचाच आरंभ होता.

जाळ्यात संगणक आणि टर्मिनलांचे प्रकार वाढत गेले, तसा भाषांतराचा प्रश्न उभा राहिला. प्रत्येक संगणकाने प्रत्येक टर्मिनलची भाषा जाणणे अव्यवहार्य होते. टेलनेट या पद्धतीने यावर काढलेला तोडगा वैचारिकदृष्ट्या मोलाचा आहे. मे १९८३ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी प्रसिद्ध केलेल्या तिच्या विवरणात 'जाळ्यावरील आभासी टर्मिनल' ही कल्पना मांडली आहे. दोन्ही टोकांनी एका काल्पनिक, साध्या टर्मिनलची भाषा बोलावी आणि त्याहून अधिक काही हवे असल्यास परस्परांना विचारून संमती घ्यावी, असा तो करार होता. टर्मिनलचा प्रकार आणि पडद्याचे माप कळविण्याची सोय त्यात १९८० च्या दशकात स्वतंत्र विवरणांनी झाली.

टेलनेटमध्ये परवलीचा शब्दही उघड स्वरूपात जात असे. हेलसिंकी तंत्रविद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही संरक्षित पद्धती तयार केली आणि काही वर्षांतच तिने टेलनेटची जागा घेतली. जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या विवरणानुसार सत्राच्या आरंभी जवळचे टोक दूरच्या टोकास काही बाबी कळविते : टर्मिनलचे नाव, पडद्याची रुंदी व उंची आणि टर्मिनलच्या नियमांची यादी.

या यादीत टर्मिनलचे नाव आहे, वर्णन नाही. वर्णन दूरच्या संगणकाने आपल्याच नोंदवहीत शोधावयाचे असते. दोन्ही टोकांच्या नोंदवह्या सारख्या असतील तर अडचण येत नाही. परंतु जवळचे टर्मिनल नवे आणि दूरची प्रणाली जुनी असेल तर त्या नावाची नोंदच सापडत नाही. आज्ञावली 'टर्मिनलचा प्रकार अज्ञात' असे सांगून थांबते. वापरणारा मग 'टर्म' या चलात दुसरेच नाव घालतो. आज्ञावली सुरू होते, पण कळांचा अर्थ बदलतो, रंग जातात, पुसलेल्या ओळींचे अवशेष पडद्यावर राहतात. नाव उसने घेतले की त्यासोबत वर्णनही उसने येते. यावरील शास्त्रशुद्ध उपाय म्हणजे 'इन्फोसीएमपी' या आदेशाने जवळच्या टर्मिनलचे वर्णन बाहेर काढून दूरच्या संगणकावर 'टिक' या आदेशाने नोंदविणे. टर्मकॅपच्या काळात व्यवस्थापक जे काम करीत, तेच हे काम आहे.

सत्रांच्या आत सत्रे उघडणाऱ्या आज्ञावलींनी या साखळीत आणखी एक दुवा जोडला. १९८७ मधील 'स्क्रीन' आणि २००७ मधील 'टीमक्स' या आज्ञावली स्वतःच टर्मिनल बनतात. त्यांचे नाव वेगळे, वर्णन वेगळे. वापरणाऱ्याने आपल्या आरंभिक फाइलीत 'टर्म'चे मूल्य कायमचे लिहून ठेवले असेल तर आतील आज्ञावलीला बाहेरच्या टर्मिनलचे वर्णन मिळते आणि पडदा विस्कटतो. येथे सोय म्हणून एकदा लिहिलेली ओळच पुढे दोषाचे कारण ठरते.

४. माप आणि मोजणी

कागद व काच यांचे माप स्थिर होते. खिडक्यांचा काळ आल्यावर टर्मिनलचा आकार काम चालू असतानाही बदलू लागला. त्यासाठी बर्कली युनिक्समध्ये १९८० च्या दशकात माप बदलल्याचा संकेत देण्याची सोय करण्यात आली आणि एसएसएचनेही तशा संदेशाची तरतूद केली. जेथे हा संदेश पोहोचत नाही तेथे दोष उत्पन्न होतो. सर्व्हरला अनुक्रमिक तारेने जोडलेल्या टर्मिनलवर माप कळविण्याचा मार्गच नसतो. अशा वेळी प्रणाली बहुधा २४ ओळी व ८० स्तंभ गृहीत धरते. खिडकी कितीही मोठी असली तरी मजकूर तिच्या वरच्या कोपऱ्यातच वावरतो. 'एसटीटीवाय' या आदेशाने ओळी व स्तंभ स्वतः सांगणे किंवा 'रिसाइझ' ही आज्ञावली चालविणे, हा त्यावरील उपाय होय.

मोजणीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. आदेशओळीच्या आरंभी येणारे सूचनाचिन्ह रंगीत करण्यासाठी त्यात रंगाच्या आज्ञा घातल्या जातात. या आज्ञा पडद्यावर जागा घेत नाहीत, पण त्यांची अक्षरे मोजली जातात. 'बॅश'मध्ये ही अक्षरे न मोजण्याची खूण म्हणून विशिष्ट कंस घालावे लागतात. ते राहून गेल्यास लांब आदेश पुढील ओळीवर न जाता त्याच ओळीच्या आरंभी परत येऊन आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. आज्ञावलीच्या हिशेबात कर्सर एका जागी असतो, पडद्यावर तो दुसऱ्याच जागी असतो. पूर्ण पडदा वापरणाऱ्या आज्ञावलीस पडदा दिसत नसतो. आपण पाठविलेल्या प्रत्येक चिन्हाचा परिणाम मनाशी जुळवून ती पडद्याचे चित्र कल्पित असते. कल्पना आणि वस्तुस्थिती यांत एका स्तंभाचा फरक पडला तरी पुढील सर्व मजकूर चुकीच्या जागी जातो.

५. अक्षरसंच आणि देवनागरीचा प्रश्न

व्हीटी १०० मध्ये चौकटी काढण्यासाठी रेषांचा वेगळा चिन्हसंच होता. त्या संचात गेल्यावर 'क्यू' हे अक्षर आडवी रेष आणि 'एक्स' हे अक्षर उभी रेष होई. दूरच्या आज्ञावलीने संच बदलल्याचे गृहीत धरले आणि जवळच्या टर्मिनलने तो बदललाच नाही, तर चौकटीच्या जागी 'क्यू' व 'एक्स' यांच्या रांगा दिसतात. उलट, मजकूर नसलेली फाइल चुकून पडद्यावर ओतली असता तिच्यातील एखादी बाइट संच बदलून टाकते आणि सत्रातील साधी अक्षरेच रेषा होतात. 'रिसेट' हा आदेश दोन्ही बाजूंना मूळ स्थितीवर आणतो.

रोमन लिपीपुरता हा प्रश्न रेषांपर्यंत सीमित होता. भारतीय लिप्यांच्या बाबतीत तो मूलभूत ठरला. आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकात सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे मजकुरी पडद्याच्या आज्ञावलींत भारतीय लिप्या दिसू लागल्या. त्यासाठी लागणारा 'इस्की' हा संकेतसंच १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. इस्कीची रचना आठ बिटांची होती. खालच्या निम्म्या भागात आस्की, वरच्या निम्म्या भागात भारतीय लिपी. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरी विभागास इस्कीची १९८८ ची रचना आधारभूत होती. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही संकेतनपद्धती तयार केली आणि कालांतराने टर्मिनलांनी ती स्वीकारली.

संकेतन सुटले तरी मोजणी सुटली नाही. टर्मिनलचा पडदा हा समान चौकोनांचा पट असतो. 'एक चिन्ह, एक चौकोन' हा नियम दूरमुद्रकापासून चालत आला आहे. देवनागरीचे एकक चिन्ह नसून अक्षर आहे. 'महाराष्ट्र' हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. यूटीएफ-८ मध्ये त्याच्या ३० बाइट होतात. युनिकोडची चिन्हे १० : म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. टर्मिनलांत रूढ असलेल्या रुंदीच्या नियमानुसार हलन्ताला शून्य व काना धरून इतर चिन्हांना प्रत्येकी एक चौकोन मोजला असता ८ चौकोन होतात. मराठी वाचकास मात्र त्यात म, हा, रा, ष्ट्र अशी ४ अक्षरे दिसतात. एकाच शब्दाच्या या चार मोजण्या आहेत. दूरच्या संपादकाने ८ चौकोन मोजले आणि जवळच्या टर्मिनलने जोडाक्षर घडवून कमी जागा घेतली, तर कर्सर शब्दाच्या पुढे रिकाम्या जागेत उभा राहतो. खोडताना भलतेच अक्षर जाते. चौकटीची उजवी बाजू वाकडी होते. काही टर्मिनले हा धोका टाळण्यासाठी जोडाक्षरे घडवीतच नाहीत. तेव्हा हिशेब जुळतो, पण लिपी मोडते.

या प्रकारात दोन्ही टोके जुन्या कराराचे पालन करीत असूनही दोष उरतो, कारण करारच देवनागरी डोळ्यांपुढे ठेवून झालेला नव्हता. युनिकोडच्या नियमांत 'वाचकास जाणवणारे अक्षर' ही संकल्पना होती; परंतु २०२३ पर्यंत तिच्यानुसार 'ष्ट्र'चे तीन तुकडे होत. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नवा नियम घातला आणि हलन्ताने जोडलेली व्यंजने एकत्र ठेवली. त्यामुळे 'महाराष्ट्र' या शब्दाची अक्षरे नियमानेही ४ झाली. तथापि हा नियम शब्द कोठे तोडू नये हे सांगतो. त्या अक्षरास किती चौकोन द्यावेत हे सांगत नाही. तो निर्णय प्रत्येक टर्मिनल आणि प्रत्येक आज्ञावली यांनी एकमताने घ्यावयाचा आहे.

६. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून दोषनिवारणाची एक क्रमबद्ध रीत सुचते. प्रथम, टर्मिनलचे नियम बिघडले आहेत काय हे पाहावे. जिना उतरणाऱ्या ओळी किंवा टंकित केलेले न दिसणे ही त्याची लक्षणे होत. दुसरे, 'टर्म'चे नाव व प्रत्यक्ष टर्मिनल यांचा मेळ आहे काय आणि त्या नावाचे वर्णन दूरच्या संगणकावर आहे काय हे तपासावे. तिसरे, दोन्ही टोकांनी मानलेल्या ओळी व स्तंभ सारखे आहेत काय हे पाहावे. चौथे, दोन्ही टोकांचे अक्षरसंकेतन एकच आहे काय याची खात्री करावी. जवळचे टोक यूटीएफ-८ पाठवीत असेल आणि दूरच्या प्रणालीत त्या भाषेची व्यवस्था बसविलेली नसेल तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. शेवटी, अक्षरांच्या रुंदीची मोजणी विचारात घ्यावी.

हा क्रम इतिहासाचाही क्रम आहे. पहिली पायरी दूरमुद्रकाची, दुसरी काचेच्या टर्मिनलांची, तिसरी खिडक्यांची, चौथी व पाचवी युनिकोडची. दोष कोणत्या थरातील आहे हे ओळखले की उपाय शोधणे सुकर होते. हा क्रम ध्यानात न घेता जोडणी तोडून पुन्हा जोडणे, ही आजची रूढ रीत आहे. तिने दोष काही वेळा जातो, पण त्याचे कारण कळत नाही. आणि कारण न कळलेला दोष पुन्हा उद्भवतो.

निष्कर्ष

प्रदर्शनदोषांच्या या आढाव्यातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, आजच्या दूरस्थ सत्रातील विस्कटलेला पडदा हा बहुधा यंत्राचा बिघाड नसून दोन टोकांच्या गृहीतकांमधील अंतर असते. दुसरी, ही गृहीतके निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या यंत्रांसाठी ठरली. यंत्रे नाहीशी झाली तरी ती टिकून राहिली. तिसरी, जेथे गृहीतके लिहून ठेवली गेली तेथे दोष आटोक्यात आले. टर्मकॅपच्या कर्त्यांनी परक्या यंत्रांचे दोषही नोंदविले, म्हणून ती यंत्रे उपयोगात आणता आली.

देवनागरीच्या बाबतीत अशी नोंद अद्याप पुरी झालेली नाही. मराठी नावांची यादी, ग्रंथालयाची सूची किंवा विद्यार्थ्यांचा निकाल मजकुरी पडद्यावर दुरुस्त करणाऱ्यास त्याची झळ प्रत्यक्ष लागते : जे अक्षर खोडावयाचे नव्हते तेच खोडले जाते आणि चूक अभिलेखात कायम होते. 'ष्ट्र' हे एक अक्षर आहे, हे मराठी वाचकास शिकवावे लागत नाही. यंत्रव्यवहाराच्या नियमांत ते यावयास २०२३ साल उजाडले. त्यास किती जागा द्यावी हे ठरविण्याचे काम केवळ परदेशी आज्ञावलीकारांचे नाही. त्यासाठी लिपीचे जाणकार, भाषेचे अध्यापक आणि संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून अक्षरांच्या रुंदीची नोंदवही तयार करणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील भाषा व संगणक या दोन विभागांनी संयुक्तपणे हाती घ्यावा, असा हा विषय आहे.